इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा? पुण्याच्या फ्लॅटवर माझंही नाव आहे

अर्लीकर

नमस्कार मंडळी,

रेडिंगजवळ लोअर अर्लीमध्ये तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर पसंत पडलं आणि आमची ४,२५,००० पौंडांची ऑफर मान्य झाली. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीचं आहे. विकणाऱ्यांनी मागच्या अंगाला स्वयंपाकघर वाढवून घेतलंय आणि माळ्यावर एक खोली काढलीय. आता एजंट मागे लागलाय की सॉलिसिटरचं नाव कळवा. स्वतःच एक फर्मही सुचवतोय, "आमचं त्यांचं नेहमीचं काम आहे, भराभर होईल" म्हणतो. ऑफिसातला मित्र म्हणतो ऑनलाइन कन्व्हेयन्सर (घराच्या खरेदीविक्रीचं कायदेशीर काम करणारा) घे, स्वस्तात होतं. मी तीन ठिकाणी दर विचारले तर ७५० पासून १,६०० पौंडांपर्यंत आकडे आले. एकाच कामाचे दर इतके वेगळे कसे?

बाबांनी कोथरूडचा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या ओळखीचा एकच वकील होता. त्याने सर्च रिपोर्ट दिला, आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन अंगठे आणि फोटो दिले, करारनामा नोंदवला, झालं. इथे महिनोन् महिने नक्की काय चालतं ते कळत नाही.

माझे प्रश्न असे. सॉलिसिटर आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर यांत फरक काय? एजंटाची फर्म घ्यावीच लागते का? दरपत्रकात काय तपासायचं? डिपॉझिटची काही रक्कम बाबा पाठवणार आहेत, त्यांनी साताऱ्याजवळचा एक प्लॉट विकलाय, त्याचे कोणते कागद लागतील? आणि जाता जाता एक: कोथरूडच्या फ्लॅटवर बाबांनी त्यांच्याबरोबर माझं नाव लावलंय, निम्मं-निम्मं. इथलं हे आमचं पहिलंच घर, मी आणि बायको मिळून घेतोय, तिच्या नावावर कुठे काही नाही. तर स्टॅम्प ड्युटीत फर्स्ट टाइम बायरची सूट मिळेल ना?

---

हॅरोकर

अभिनंदन! शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, तो वाटतो तितका साधा नाही. इथे "कागदपत्री" ताई असतात, त्या याच क्षेत्रात आहेत. त्यांची वाट बघा, तोवर कोणालाही इन्स्ट्रक्शनचे, म्हणजे काम सोपवण्याचे, पैसे भरू नका. एजंटाला एक ईमेल टाका की दोन दिवसांत नाव कळवतो. काही बिघडत नाही.

---

कागदपत्री

अर्लीकर, अभिनंदन. मी बर्कशरमधल्याच एका फर्मच्या कन्व्हेयन्सिंग विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या फाइलवरचा सल्ला तुमच्या सॉलिसिटरनेच द्यायचा, पण कुठे बघायचं आणि काय विचारायचं ते मी सांगू शकते.

तुम्ही जे "जाता जाता" विचारलंत तिथूनच सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांमध्ये मिळून हजारभर पौंडांचा फरक पडेल. इथे वीस हजारांच्या वरचा आहे.

फर्स्ट टाइम बायरची सवलत ज्याने जगात कुठेही, कधीही राहतं घर मालकीने घेतलेलं नाही त्यालाच मिळते. घर विकत घेतलेलं असो, वारशाने आलेलं असो की बक्षीस मिळालेलं, ते इथलं असो की पुण्यातलं. दोघं मिळून घेत असाल तर दोघंही त्या व्याख्येत बसायला हवेत. कोथरूडच्या निम्म्या मालकीमुळे तुम्ही त्यात बसत नाही.

इतकंच असतं तर गोष्ट पाच हजार पौंडांवर भागली असती. पण दुसरा नियम जास्त जड आहे. खरेदी पूर्ण होण्याच्या दिवसाअखेर तुमच्याकडे किंवा तुमच्या बायकोकडे दुसरं घर असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर नव्या घराच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर बसतो. हा ५ टक्क्यांचा दर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, त्याआधी ३ होता. यातही घर जगात कुठेही असलं तरी मोजतात. ४०,००० पौंड म्हणजे सध्या ४५ ते ५० लाख रुपयांच्या घरात. कोथरूडच्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा सहज त्यापुढे जाईल.

तुमच्या ४,२५,००० च्या घरावर हिशेब मांडून दाखवते. १ एप्रिल २०२५ पासूनचे दर धरलेत. दोघंही पहिल्यांदा घर घेणारे असता तर ३,००,००० पर्यंत शून्य आणि वरच्या १,२५,००० वर ५ टक्के, म्हणजे ६,२५० पौंड. सवलत नाही पण दुसरं घरही नाही, असा साधा दर लावला तर पहिल्या १,२५,००० वर शून्य, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के आणि उरलेल्या १,७५,००० वर ५ टक्के, मिळून ११,२५०. आणि कोथरूडचा हिस्सा तसाच राहिला तर त्यावर ४,२५,००० चे ५ टक्के, म्हणजे आणखी २१,२५०. एकूण ३२,५०० पौंड.

"मग फक्त हिच्या नावावर घेतो" हा मार्ग आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण सुचवतो. चालत नाही. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर जादा दरासाठी कायदा दोघांना एक धरतो. "नंतर फ्लॅट विकला की परतावा मिळतो" हेही अर्धवट ऐकलेलं असतं. तो परतावा आधीचं मुख्य राहतं घर विकून नवं घेणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. तुम्ही राहत नसलेला, बाबा राहत असलेला फ्लॅट विकून तो मिळणार नाही.

काही गोष्टी यात मोजत नाहीत, त्याही सांगते. सातबाऱ्यावर नाव असलेली शेतजमीन आणि मोकळा प्लॉट यात येत नाहीत, प्रश्न फक्त राहत्या घराचा. गावच्या घरातला वारशाने आलेला निम्मा किंवा त्याहून लहान हिस्सा, वारसा मिळाल्यापासून तीन वर्षं जादा दरासाठी धरत नाहीत. फर्स्ट टाइम बायरची सवलत मात्र वारशानेही जाते. आणि कोणाचा लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठी बचत करायचं खातं) असेल तर त्याचीही अट तीच आहे: भारतात घर असलेला माणूस त्यातले पैसे घरासाठी काढायला पात्र नाही, काढलेच तर २५ टक्के कापले जातात.

तुमच्या बाबतीत एक खरा प्रश्न उरतो. फ्लॅटचे सगळे पैसे बाबांनी भरले आणि तुमचं नाव केवळ पुढची सोय म्हणून लावलं, तर तुमचा त्यात खरा हक्क आहे की नुसतं कागदावर नाव आहे? तुमच्या करारनाम्यात काय लिहिलंय, कर्ज कोणी फेडलं, भाडं कधी आलं असेल तर कोणाच्या खात्यात गेलं, यावर ते ठरतं. याचं उत्तर कन्व्हेयन्सर देणार नाही आणि देऊही नये. त्यासाठी स्टॅम्प ड्युटी जाणणाऱ्या कर सल्लागाराचं लेखी मत घ्या. त्याची फी भरायला मागेपुढे पाहू नका.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. स्टॅम्प ड्युटीचं रिटर्न सॉलिसिटर भरतो, पण तुमच्या सांगण्यावरून आणि तुमच्या जबाबदारीवर. कोथरूडचं सांगितलं नाही तर त्याला ते कळणार नाही, आणि नंतर महसूल खात्याचं पत्र येईल ते तुमच्या नावाने. मला सगळ्यात वाईट कधी वाटतं सांगू? माणसं कॉन्ट्रॅक्टवर सह्या करायला आलेली असतात, शाळा बघून झालेली असते, आणि तेव्हा बोलता बोलता निघतं की "पुण्यात एक छोटा फ्लॅट आहे, पण तो काय मोजायचा." त्या क्षणी वीस हजार पौंड कुठून आणायचे?

आता माणूस कसा निवडायचा ते.

सॉलिसिटर हा सर्वसाधारण कायद्याचा माणूस, त्याच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची देखरेख. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हा मालमत्तेच्या व्यवहारांत तयार झालेला, त्याच्यावर काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची. दोघांनाही विमा सक्तीचा आहे. साध्या फ्रीहोल्ड घराला दोघंही चालतात. तुमच्याकडे परदेशातून येणारा पैसा आणि कराचा गुंता आहे, त्यामुळे ज्या फर्ममध्ये कर आणि ट्रस्टचं काम करणारं कोणी शेजारच्या खोलीत आहे अशी फर्म मला बरी वाटते. नाव पक्कं करण्याआधी दोन्ही संस्थांच्या वेबसाइटवर यादी असते त्यात फर्म शोधा. खोट्या फर्म काढून लोकांचे पैसे लुबाडल्याचे प्रकार इथे झालेत. लॉ सोसायटीची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम आहे, तिचं मानांकन असेल तर चांगलं.

एजंटाची फर्म घेण्याची सक्ती नाही. तुम्ही त्यांची सेवा घेतलीत तरच ऑफर पुढे नेऊ, अशी अट घालणं एजंटाला कायद्याने मना आहे. बहुतेकदा त्या शिफारशीमागे रेफरल फी, म्हणजे गिऱ्हाईक पाठवल्याचे पैसे, असतात. ती किती ते एजंटाने सांगायलाच हवं, सरळ विचारा. शिफारस केलेली फर्म वाईटच असेल असं नाही, पण तिला पुढचं काम कोण देणार आहे हे लक्षात असू द्या. तुम्ही एकदाच येणार, एजंट रोज.

तुम्हाला कर्ज कुठल्या बँकेचं मिळतंय? ती फर्म त्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहे का, हा पहिला फोनवरचा प्रश्न. नसेल तर बँक आपला वेगळा वकील नेमते, खर्च तुमच्याकडून आणि वेळ दुप्पट.

त्यापुढे मी विचारेन: माझी फाइल कोण हाताळणार? माझ्याशी आत्ता बोलणारी व्यक्ती की दुसरी कोणी? तिची पात्रता काय, ती रजेवर गेली तर कोण बघणार? फोनवर बोलता येईल की फक्त पोर्टलवर निरोप टाकायचा? भारतातून आलेल्या पैशाची फाइल तुम्ही आधी केली आहे का? या प्रश्नांवर जो माणूस न चिडता, नेमकं बोलतो त्याच्याकडे जा, भले तो दोनशे पौंड महाग असो. माझ्या मते स्वस्त-महागपेक्षा फाइल कोणाच्या हातात आहे हेच सगळ्यात महत्त्वाचं. एकेका माणसाच्या टेबलावर झेपणार नाहीत इतक्या फायली असल्या की विकणाऱ्याच्या वकिलाचं उत्तर आठवडाभर उघडलंच जात नाही.

७५० आणि १,६०० चं कोडं: ७५० मध्ये बहुतेक नुसती मूळ फी असते. त्यावर २० टक्के व्हॅट. मग खाली बारीक अक्षरांत बँकेच्या गहाणाचं काम वेगळं, स्टॅम्प ड्युटी रिटर्न वेगळं, ओळख तपासणी वेगळी, पैसे पाठवण्याची फी वेगळी, आणि "गिफ्टेड डिपॉझिट" म्हणजे बाबांच्या पैशाची तपासणी वेगळी. शिवाय सगळ्यांनाच लागणारा बाहेरचा खर्च: काउन्सिलची सर्च, पाणी आणि ड्रेनेज सर्च, पर्यावरण सर्च, लँड रजिस्ट्रीची नोंदणी फी. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीचे दर वेबसाइटवर द्यावेच लागतात, पण तेवढ्यावर राहू नका. तिघांनाही एकच ईमेल पाठवा: "फ्रीहोल्ड, ४,२५,०००, कर्ज आहे, वडिलांकडून भारतातून बक्षीस रक्कम आहे. किल्ली हातात येईपर्यंतचा एकूण आकडा लिहून द्या. व्यवहार मधेच मोडला तर किती द्यावे लागतील तेही लिहा." त्या तीन उत्तरांची तुलना करा.

बाबांच्या पैशाबद्दल: ही तपासणी मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे होते, तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. प्लॉटचं खरेदीखत, इंडेक्स टू, विक्रीचे पैसे बाबांच्या खात्यात जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, तिथून इथे येईपर्यंतचा माग, बाबांचा पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा, आणि "ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही" असं सहीचं पत्र. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल, ते पुण्यातच आत्ता करून घ्या. नावांकडेही बघा. आपल्याकडे खरेदीखतावर पूर्ण नाव, बँकेत नुसती आद्याक्षरं, पासपोर्टवर आडनाव आधी, असं असतं. इथल्या कारकुनाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. एका पानावर आधीच खुलासा लिहून जोडलात तर आठवडा वाचतो.

बाबा निवासी भारतीय असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवू शकतात. वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे गेलेल्या भेटीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो त्यांच्या आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणजे पाठवायच्या रकमेहून जास्त रक्कम खात्यात तयार हवी. हे बाबांना आजच सांगा.

शेवटी ते वाढवलेलं स्वयंपाकघर आणि माळा. इथला वकील घर बघायला जात नाही! त्याच्यासमोर फक्त लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि नकाशा असतो. उताऱ्याचे तीन भाग: मालमत्तेचं वर्णन, मालक कोण, आणि गहाण व अटी. आपल्याकडे कागद नोंदवला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, म्हणून तीस वर्षांचा शोध घ्यावा लागतो. इथे रजिस्टरवरच्या मालकीमागे सरकार उभं असतं, त्यामुळे तो भाग सोपा. पण माळ्यावर खोली आहे हे उताऱ्यावर दिसत नाही. ते तुम्हीच पहिल्या दिवशी लिहून कळवायचं. मग वकील दोन्ही कामांचं बिल्डिंग रेग्युलेशनचं पूर्णत्व प्रमाणपत्र मागेल, नियोजन परवानगी लागत होती का बघेल, खाली गटारवाहिनी असेल तर त्यावर बांधायला थेम्स वॉटरची संमती होती का विचारेल, आणि मूळ बिल्डरने वसाहतीवर घातलेल्या अटींत हे बसतं का तपासेल.

प्रमाणपत्र नाही असं निघालं तर स्वतः काउन्सिलला फोन करू नका. ते हात दाखवून अवलक्षण होईल. अशा वेळी बऱ्याचदा इन्डेम्निटी विमा (कागद नसल्याने पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा) काढून व्यवहार पुढे नेतात, आणि तुम्ही काउन्सिलला सावध केलंत की तो विमाच मिळत नाही. आधी वकिलाला विचारा. अर्थात विम्याने तुळई मजबूत होत नाही. माळ्याचं बांधकाम धड आहे का ते स्वतंत्र सर्व्हेअरकडून बघून घ्या. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते बँकेच्या सोयीसाठी असतं. रेडिंगच्या काही भागांत जमिनीखाली जुन्या चॉकच्या खाणी आहेत आणि अर्लीच्या खालच्या अंगाला लॉडन नदी आहे, तेव्हा जमीन आणि पूर या दोन्हींबद्दल सर्च रिपोर्टमध्ये काय आलं ते स्वतः वाचा.

---

अर्लीकर

ताई, मनापासून आभार. स्टॅम्प ड्युटीचा आकडा वाचून दोघंही सुन्न झालो. आमच्या हिशेबात ६,२५० च होते. बाबांशी बोललो. ते म्हणतात, फ्लॅट पूर्ण माझ्या नावावर करून टाक, मला काय करायचंय तुझ्या नावाचं. इथल्या घराची खरेदी पूर्ण होण्याआधी असं केलं तर जादा ५ टक्के टळतील का?

---

कागदपत्री

जादा दर पूर्णत्वाच्या दिवसाअखेर तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतो. त्यामुळे त्याआधी हिस्सा खरोखर आणि कायमचा बाबांकडे गेला तर ३२,५०० ऐवजी ११,२५० लागू शकतात. ६,२५० चं दार मात्र बंद झालं, कारण मालकी एकदा होऊन गेली. आणि इथले रहिवासी म्हणून तुम्हाला कॅपिटल गेन टॅक्सचा प्रश्नही येतो: वडिलांना फुकट दिलं तरी बाजारभावाने विकल्यासारखं धरतात. म्हणूनच म्हटलं, आधी कर सल्लागार, मग कागद. कामाला वेळ लागेल, तेव्हा पूर्णत्वाची तारीख ठरवताना सॉलिसिटरला हे माहीत हवं.

---

पेठेतला

मी पुण्यात वकिली करतो, इकडची बाजू सांगतो. हिस्सा बाबांकडे द्यायचा तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागेल. वडिलांनी मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, पण मुलाने वडिलांना देताना तीच सवलत मिळेल असं गृहीत धरू नका. आधी मूल्यांकन करून आकडा काढा. हक्कसोडपत्राने स्वस्तात होईल असं कोणी सांगेल, पण ते वडिलोपार्जित मिळकतीतल्या सहहिस्सेदारांसाठी ठीक. बाबांनी स्वतः घेतलेल्या फ्लॅटला तो धागा लावू नका. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची परवानगी, आणि नंतर सोसायटीत भागपत्रावर नाव बदलून घेणं हेही आलंच.

तुम्हाला यायला जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र तिथे नोटरी आणि अपोस्टिल (सरकारी साक्षांकन) करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. ही मुदत फार लोकांची हुकते. आणि मुखत्यार बाबांना नेमू नका, तेच घेणारे आहेत. बहीण किंवा काका बरे.

---

हॅरोकर

ताईंनी सगळं सांगितलंय, एकाच गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. मी ऑनलाइन फर्मकडूनच केलं आणि नीट झालं. माझा लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट होता, पण पैसा सगळा इथल्या पगाराचा, साधी फाइल. पोर्टलवर सगळं दिसत होतं. तुमच्यासारखी गुंत्याची फाइल असती तर मीही जवळची फर्म बघितली असती.

दुसरं, फार महत्त्वाचं. एक्सचेंजच्या, म्हणजे करार बंधनकारक होतो त्याच्या, आदल्या दिवशी मला सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला की आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, डिपॉझिट या नव्या खात्यात भरा. लोगो तोच, सही तीच, माझा फाइल क्रमांकसुद्धा बरोबर. पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं. मी पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन केला म्हणून वाचलो. ही फसवणूक मुद्दाम शुक्रवारी दुपारी करतात, कारण त्याच वेळी जास्त घरांचे व्यवहार पूर्ण होतात आणि बँका बंद व्हायला आलेल्या असतात. पहिल्याच भेटीत खाते क्रमांक कागदावर घ्या, आधी एक पौंड पाठवून पोचला का ते फोनवर विचारा, मगच मोठी रक्कम. ईमेलने आलेला खातेबदल खरा मानायचाच नाही.

फ्लॅट घेणारं कोणी हे वाचत असेल तर लीजची किती वर्षं उरलीत ते ऑफर देण्याआधी बघा. ८० च्या खाली असेल तर वाढवून घेण्याचा खर्च आणि कर्ज, दोन्ही अवघड होतं.

---

लीथकाठी

मी एडिंबराहून. वरचं सगळं इंग्लंडचं आहे, स्कॉटलंडमध्ये पद्धतच वेगळी: ऑफरच मुळात सॉलिसिटरमार्फत जाते, त्यामुळे घर बघायला निघण्याआधी वकील हवा. इथल्या करालाही भारतातलं घर मोजतात, आणि जादा दर ५ डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे. इकडे येणाऱ्यांनी वरच्या आकड्यांवर विसंबू नये.

---

अर्लीकर

सगळ्यांचे आभार. आज तीन फर्मना ताईंनी सांगितला तसाच ईमेल पाठवला. एकीने गिफ्टेड डिपॉझिट आणि बाकी जोडून ७५० चे १,३८० केले. दुसरीने अजून उत्तर दिलं नाही. तिसरीच्या बाईंनी स्वतः फोन केला, कोथरूडबद्दल त्यांनीच आधी विचारलं, आणि कर सल्लागाराचं मत येईपर्यंत थांबायला तयार आहेत. एकूण १,९५० आणि व्हॅट. तिथेच द्यायचं ठरतंय. बाबांनी भाषांतरालाही कागद दिलेत.

एक शेवटचं. गहाणखतावर साक्षीदार लागेल असं त्या म्हणाल्या. माझी मेहुणी इथेच राहते, ती चालेल का? आणि घराचा विमा कधीपासून घ्यायचा?

---

कागदपत्री

ज्यांनी कोथरूडबद्दल स्वतःहून विचारलं त्यांच्याकडेच जा.

मेहुणी नको. बँका नातेवाईक साक्षीदार सहसा मान्य करत नाहीत. शेजारी किंवा ऑफिसातलं कोणी प्रौढ माणूस घ्या. त्याने तुमची सही होताना समोर असायला हवं, व्हिडिओ कॉलवर चालणार नाही. सही दोघांचीही आणि साक्षीदाराचं नाव, पत्ता, व्यवसाय स्पष्ट अक्षरांत. एक रकाना रिकामा राहिला तरी कागद परत येतो.

इमारतीचा विमा एक्सचेंजच्या दिवसापासून, किल्लीच्या दिवसापासून नव्हे. एक्सचेंज झालं की तुम्ही बांधले गेलात आणि घराचं काही झालं तर ती जोखीम तुमची. त्याआधी मात्र दोन्ही बाजूंना माघार घ्यायची मोकळीक असते, म्हणून भाड्याच्या घराची नोटीस एक्सचेंज होईपर्यंत देऊ नका.

पूर्णत्वानंतर १४ दिवसांत स्टॅम्प ड्युटीचं रिटर्न आणि पैसे जायला हवेत. ते सॉलिसिटर करेल, पोचपावती मागून घ्या. लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढायला काही महिने लागू शकतात, त्याने घाबरू नका. नाव चढलं की रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर प्रॉपर्टी अलर्ट फुकट लावता येतो: तुमच्या घराच्या नोंदीला कोणी हात लावला की ईमेल येतो. कोथरूडचं कर सल्लागारांनी काय सांगितलं ते इथे जरूर लिहा, तसाच प्रश्न घेऊन आलेले आणखी दोघं मला व्यक्तिगत निरोपात विचारत आहेत.